बहुतेक वेळा मिटते

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉलेजातल्या आत्ताच्या मुलांना तुमचं नावही माहीत नाही, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. कारण आधी सांगून टाकते. दिवाळीनंतर माझं बाळ गेलं. चौथा महिना सरत आला होता. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आम्ही दोघांनी आशा जवळजवळ सोडून दिल्यावर राहिलेलं ते बाळ होतं. त्याची नळी वरच्या टोकाला मिटली नव्हती. एवढं एक वाक्य सांगितलं की तुम्हाला पुढचं काही सांगावं लागत नाही. बाकी सगळ्यांना समजावून सांगता सांगता मी थकले आहे. नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, शेजारणीलासुद्धा सांगितलं. प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत. आता ज्यांना काहीच समजावून सांगावं लागणार नाही अशा माणसाशी बोलावंसं वाटतंय, आणि तसं माणूस तुम्हीच होतात.

तुमची आठवण काढली की आधी ती लांबट प्रयोगशाळाच डोळ्यांपुढं येते. बारामतीतल्या आपल्या कॉलेजची मागची बाजू, भिंतीला बरण्यांची कपाटं, आणि कोपऱ्यात ते पत्र्याचं इन्क्युबेटर, ज्याला आम्ही पोरी खुराडं म्हणायचो. हॅचरीतून अंडी यायची, भुशात घालून, आणि तुम्ही ती स्वतः एकेक करून आत लावायच्या. आमचं टी.वाय.चं वर्ष. तुम्ही पदर खोचून टेबलाशी उभ्या आहात, हातात बारीक टोकाची कात्री. अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडता आहात आणि आम्ही भोवती गर्दी केली आहे. आत पिवळा बलक, त्याच्यावर केसासारख्या लाल रेघा, आणि मधोमध एक ठिपका. तो उडतोय. कुणीतरी मागून विचारतं, "मॅडम, हे हलतंय का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "हृदय आहे ते. अजून चोच नाही, पाय नाहीत, पण हे सुरू झालं." मेंढरामागं हिंडलेल्या माणसांच्या घरात मी वाढले. जन्म आणि मरण दोन्ही मी लहानपणापासून पाहत आले होते. पण हे त्याच्याही अलीकडचं काहीतरी होतं. मला बाहेर येऊन व्हरांड्यात उभं राहावं लागलं.

मग दुसऱ्या प्रॅक्टिकलला तुम्ही आम्हाला नळी दाखवलीत. पुस्तकात तिला मोठं इंग्रजी नाव होतं, पण तुम्ही नुसतं नळी म्हणायच्या आणि आम्हीही. सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, आत वळतात, आणि एकमेकींना भिडून मिटतात. त्या मिटलेल्या नळीचा पुढं मेंदू होतो आणि पाठीतला रज्जू होतो. तुम्ही स्वतःच्या पदराच्या दोन कडा जवळ आणून आम्हाला ते करून दाखवलंत. "माणसातही असंच," तुम्ही म्हणालात, "आणि इतक्या लवकर की दिवस गेलेत हे बाईला स्वतःलाच माहीत नसतं." बाकावरच्या कुणीतरी विचारलं, नाही मिटली तर? तुम्ही पदर सोडलात, नीट खोचलात आणि म्हणालात, "वरचं टोक नाही मिटलं तर मेंदू होत नाही, डोक्याची कवटी होत नाही. ते बाळ जगत नाही." आणि लगेच स्लाइडकडं वळलात. आम्हा कुणालाच त्यात काही जाणवलं नाही.

तुमचं रागावणं मला अजून पाठ आहे. जर्नलमध्ये मी गर्भाची सुंदर आकृती काढली होती, शिसपेन्सिलीनं, छाया देऊन. तुम्ही ती पाहिलीत, माझ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "ही पुस्तकातली आहे. तुझ्या अंड्यातलं काढ." मी म्हटलं, "मॅडम, माझं नीट आलं नाही, बाकीच्यांपेक्षा मागं राहिलंय." तेव्हा तुमचा आवाज चढला. "मागं राहिलंय तर मागं राहिलेलं काढ! त्यानं काय तुझ्या पुस्तकासारखं वाढायचं कबूल केलं होतं?" सगळे हसले. मला रडू आलं. पण मी पुन्हा बसले आणि जे होतं ते काढलं, एका बाजूला कललेलं, अर्धवट. तुम्ही सही केलीत. त्यानंतर कितीतरी वर्षं मी गर्भाच्या आकृत्या काढत आले, आता तर संगणकावर फोटोच निघतात, पण दिसतं तेच लिहायचं ही शिस्त त्या दुपारी लागली.

आणि मग पळसदेवची सहल. पळसदेव तुमचं माहेर. उन्हाळा होता, उजनी धरणाचं पाणी पार मागं हटलं होतं आणि पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. वर्गातली मुलं तिकडं फोटो काढायला पळाली. तुम्ही मात्र होडीवाल्या मामांशी बोलत काठाला थांबलात, म्हणून मीही थांबले. मामांनी जाळ्यातून एक चिलापी काढली तर तिच्या तोंडातून पिवळीधमक अंडी सांडली, बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. "आई हाय ही," मामा म्हणाले. "तोंडात घिऊन फिरती." तुम्ही घाईघाईनं ती अंडी ओंजळीत गोळा केलीत, मासळीबरोबर पाण्यात सोडलीत, आणि मासळी ती परत तोंडात घेते का ते पाण्याकडं वाकून बघत राहिलात. गढूळ पाण्यात काही दिसलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "तोंडात पिल्लं आहेत तोवर ही काही खात नाही. उपाशी राहते." मग तिथंच, एका उलट्या घातलेल्या होडीवर बसून, देवळाकडं बघत तुम्ही मला ते सांगितलंत. मलाच का सांगितलंत ते मला कधी कळलं नाही. मी विचारलं नव्हतं.

"मला मुलगा झाला होता," तुम्ही म्हणालात. "पूर्ण दिवसांचा. आमच्या वेळी इकडं सोनोग्राफी कुठं होती. नळी मिटलेली नव्हती त्याची. बाहेर आला, थोडा वेळ होता, आणि गेला. कापडात गुंडाळून घेऊन गेले. मला बघू दिला नाही. सगळ्या बाया म्हणाल्या, बघू नको, मनात बसंल, पुढच्या खेपेला भीती वाटंल. पुढची खेप काही आलीच नाही." थोडं थांबून म्हणालात, "बघायला पाहिजे होतं गं. मी प्राणिशास्त्राची. दुनियेभरची पिल्लं बघितली आणि आपलं तेवढं राहिलं." मी विसाव्या वर्षातली पोरगी. मी वेड्यासारखं विचारलं, "मग मॅडम, दर वर्षी हेच प्रॅक्टिकल घेताना तुम्हाला त्रास होत नाही?" तुम्ही माझ्याकडं वळून बघितलंत. "डॉक्टर म्हणाले, होतं असं. घरातले म्हणाले, अल्लाची मर्जी. मी म्हटलं, मर्जी असंल, पण का मिटली न्हाय ते मला कळलं पाहिजे. ते काय मला कळलं न्हाय अजून. पण अंडं फोडून बघितलं ना, की बहुतेक वेळा मिटते. ते बघून बरं वाटतं." वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही त्या वेळी आमच्यासारखं बोललात, न्हाय म्हणालात. मग मुलं परत आली आणि तुम्ही उठून त्यांची हजेरी घेतलीत.

माझं पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. निकालानंतर आबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली तेव्हा तुम्ही एसटीनं निरवांगीला आलात, चालत आमच्या वस्तीवर आलात, आईच्या हातची भाकरी खाल्लीत आणि आबांना म्हणालात, हिला पुण्याला शिकायला पाठवा. आबा विचारात पडले. म्हणाले, "मॅडम, तितं जाऊन बी अंडीच फोडणार का ही?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "व्हय आबा. पण नीट फोडंल." आबा इतके हसले की प्रश्न तिथंच मिटला. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक पांढरा ॲप्रन दिलात. इंदापूरच्या बाजारपेठेत तुमच्या यजमानांचं टेलरिंगचं दुकान, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. ॲप्रन त्यांनी शिवला होता. खिसे खोल ठेवले होते, कारण तुम्ही त्यांना सांगितलं होतं की ही पोरगी सारखं काहीतरी खिशात कोंबते.

पुण्यात मी तुमचाच प्रश्न घेतला. नळी कशानं मिटते, कशानं उघडी राहते. इतर लोक इतर कारणं शोधत होते, मी उष्म्याची बाजू धरली, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हॅचरीतली वीज गेली की काय होतं हे मी बघितलं होतं. अंडी थोडी जास्त तापली, आणि ती नेमकी नळी मिटायच्या वेळेला तापली, तर कडा वर येतात आणि भिडतच नाहीत. मी तुम्हाला फोनवर सांगायची आणि तुम्ही पलीकडून विचारायच्या, "किती तापवलं? कधी तापवलं? खालचं टोक मिटलं होतं का?" माझ्या मार्गदर्शकांपेक्षा तुमचे प्रश्न जास्त असायचे. मग एका उन्हाळ्यात, घरी पेपर तपासता तपासता, तुम्ही टेबलावर डोकं टेकलंत ते टेकलंतच. मी पुण्याहून आले तोवर तुम्हाला न्यायची वेळ झाली होती. बायका घरातच थांबल्या, मीही त्यांच्यात. चाचा दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी हवं का विचारत होते. कुणीतरी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला तेव्हा ते रिकाम्या हातांकडं बघत राहिले.

पुढं मी बारामतीला परत आले. लहानसं संशोधन केंद्र आहे, माझ्याकडं दोन इन्क्युबेटर आहेत, तुमच्या खुराड्यापेक्षा पुष्कळ बरी. लग्न करून मला वरकुट्याला दिलं, पण आम्ही राहतो बारामतीत. नवरा बँकेत आहे, शांत माणूस. मूल होत नव्हतं. उपचार झाले, मध्ये थांबवले. आणि गेल्या पावसाळ्यात आपोआप दिवस राहिले. मॅडम, मी गोळ्या आधीपासून घेत होते, फॉलिक ॲसिडच्या, तुम्ही वर्गातल्या सगळ्या मुलींना बजावून सांगायच्या त्या. पहिल्या सोनोग्राफीत ठोके दिसले. नवऱ्यानं तो ठिपका पाहिला आणि माझा हात घट्ट धरला. मी हसत होते. मला तो ठिपका नवा नव्हता, तरी मी पहिल्यांदाच बघावा तशी बघत होते.

दुसऱ्या खेपेला खोलीत अंधार, पंख्याचा आवाज, पोटावर ते गार जेल. डॉक्टरबाई बोलत होत्या, कुठली शाळा, कुठलं गाव, असंच काहीतरी. पडदा माझ्या बाजूला वळवलेला होता. पाय दिसले, कणा दिसला, मोत्यांच्या सरीसारखा. मग त्यांनी हात वर सरकवला. डोळ्यांच्या वरची जी गोल रेघ दिसायला पाहिजे ती नव्हती. डॉक्टरबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी कोन बदलून पुन्हा बघितलं, परत बदलून बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, राहू द्या. मला दिसलं." नवरा शेजारी उभा होता, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, "ठोके आहेत ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत." आणि ते चांगलेच होते, मॅडम. खोलीभर ऐकू येत होते. नवऱ्याचा चेहरा उजळला आणि त्याला खरं सांगायचं काम माझ्यावर आलं. मी त्याला तिथंच, त्या टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं. मेंदू नसला तरी हृदय चालतं, ते आधी सुरू होतं, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. मी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "तू तरी असं नको गं बोलू."

गर्भ काढायला दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी दोन दिवस घरी होते. सासूबाई वरकुट्याहून आल्या. वाईट बाई नाहीत त्या, माझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. पण दुखणं माणसाला कुठंतरी ठेवावं लागतं. स्वयंपाकघरात त्या माझ्या आईला म्हणाल्या, आणि मला ऐकू आलं, "रोज उठून कवळी अंडी फोडती. जीव हाय त्यात. तापवून तापवून मारती. कुणाचा तळतळाट लागला म्हणायचा मग?" मी आत जाऊन भांडले असते, पण मला बोलायला तोंड नव्हतं, कारण मी स्वतः तेच हिशेब मांडत होते, फक्त माझ्या भाषेत. भर पावसाळ्यात मला ताप आला होता. साधा, सर्दीचा, दोन दिवस अंगावर काढला. तेव्हा दिवस गेल्याचं मला ठाऊकही नव्हतं. नेमके ते दिवस. मॅडम, हे जगात फक्त मलाच कळू शकत होतं, कारण माझा अख्खा अभ्यासच त्यावर आहे. मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तापामुळंच असं झालं, हे कुणालाच सांगता येत नाही. डोक्यातून काढून टाका." बरोबरच बोलल्या त्या. मी कुणा दुसरीला हेच सांगितलं असतं. पण मी किती वेळा अंड्यांच्या ट्रेपुढं बसून मनातल्या मनात म्हटलं असेल, फक्त थोडंसं तापलं आणि बघ. तुम्हाला कारण कळलं नाही म्हणून तुम्ही आयुष्यभर शोधत राहिलात. मला एक कारण दिसतंय, ते खरं की खोटं ते कधीच कळणार नाही, आणि ते घेऊन मला राहायचं आहे. यातलं बरं कुठलं, ते तुम्ही असतात तर विचारलं असतं.

दवाखान्यात मी दिवसभर कळा दिल्या. आई उशाशी होती. झाल्यावर सिस्टरनं घाईनं कापड टाकलं आणि ट्रे उचलला. मी म्हटलं, "थांबा. मला बघायचंय." सिस्टर म्हणाली, "ताई, नका बघू. त्रास होईल." आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "बघू नगंस गं बाय. डोळ्यापुढनं जायाचं न्हाय." मला तुम्ही दिसलात, त्या उलट्या होडीवर बसलेल्या. मी म्हटलं, "आई, आमच्या मॅडमना बघू दिलं नव्हतं. त्या मरेपर्यंत तेच म्हणत होत्या." आईनं कपाळावरचा हात काढला. मग सिस्टरला म्हणाली, "दाव बाई तिला. माजा सासरा मेलेलं कोकरू लगीच उचलत नव्हता. मेंढीला चाटू द्यायचा आदी. न्हायतर ती वरडत फिरायची रानभर."

सिस्टरनं ट्रे माझ्याजवळ धरला. मी पायांपासून सुरुवात केली. पाय माझ्या करंगळीच्या पेराएवढे, बोटं सगळी, वेगवेगळी. गुडघे पोटाशी घेतलेले. मुलगी होती. बरगड्या कातडीखालून दिसत होत्या. हात दोन्ही उघडे, तळहाताला रेघा उमटायला लागलेल्या. हनुवटी, ओठ मिटलेले, एक कान जरा दुमडलेला. डोळ्यांच्या वर मात्र काही नव्हतं. मी तेही बघितलं. मी सगळं बघितलं, मॅडम, घाई केली नाही. पुस्तकातलं काही आठवलं नाही. आई वाकली, तिनं चष्मा नीट केला, आणि म्हणाली, "हात तुज्यावानी हायती. लांब बोटं." तेवढ्यावर मी मोडले. आईनं माझं डोकं पोटाशी धरलं आणि आम्ही दोघी रडलो, सिस्टर बिचारी ट्रे धरून तशीच उभी. संध्याकाळी नवरा आणि आबा तिला निरवांगीला घेऊन गेले, आमच्या रानात, बांधाच्या कडेला मातीत ठेवलं. सासूबाई त्यांच्याबरोबर गेल्या. परत आल्यावर त्यांनी माझे पाय चेपले. न विचारता. अंड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

रजा संपली तशी मी कामावर गेले. माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी आहे एक, तिनं इन्क्युबेटर चालू ठेवलं होतं, ट्रे लावून ठेवला होता. मला बरं वाटावं म्हणून तिनं तापवलेली अंडी दुसऱ्या खोलीत हलवली होती आणि साधी अंडी माझ्या टेबलावर ठेवली होती. मी एक घेतलं, कवचाला खिडकी पाडली. कवचाचा तुकडा आत पडला. दिव्याखाली धरलं. कडा भिडलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, शिवण घातल्यासारख्या. मी ते बघत बसले. तुम्ही म्हणाला होतात तसं बरं वाटेल म्हणून वाट बघितली. नाही वाटलं, मॅडम. मला हेवा वाटला, कोंबडीच्या पिल्लाचा. कदाचित तुम्हालाही पहिल्या वर्षी असंच झालं असेल आणि बरं वाटायला पुढं वेळ गेला असेल. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. आता दुसरं अंडं उद्या फोडेन, असं रोज म्हणते. अजून फोडलेलं नाही.

शेवटचं एक सांगायचं आहे. गेल्या आठवड्यात मी इंदापूरला गेले, चाचांना भेटायला. तुमचं बाळ आठवणारे तेवढे एकच उरलेत म्हणून, त्यांना माझंही सांगावं म्हणून गेले. दुकानाची अर्धी जागा त्यांनी मोबाइलवाल्याला दिली आहे. उरलेल्या अर्ध्यात एक मशीन, आणि त्याच्यामागं चाचा, डोळ्यांना जाड चष्मा. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "निरवांगीची न्हवं तू? अंड्यावाली?" चहा मागवला. तुमच्याबद्दल बोलले, तुम्ही रागावल्यावर कशा भांडी घासत बसायच्या ते सांगून हसले. मग विचारलं, "लेकरंबाळं?" मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. आणि माझ्या तोंडून निघालं, "एक मुलगी आहे, चाचा."

"नाव काय ठिवलंस?"

तोवर आम्ही तिला नाव दिलेलं नव्हतं. कुणी तसा विषयही काढला नव्हता. मी तुमचं नाव सांगितलं.

चाचांचा मशीनवरचा पाय थांबला. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला. म्हणाले, "परत म्हण बरं." मी परत म्हटलं. "ह्या दुकानात ते नाव कुनी घिऊन लई वर्सं झाली," ते म्हणाले, आणि इतके आनंदले की उठून मोबाइलवाल्यालाही सांगून आले. मला जाताना रस्त्यापर्यंत सोडायला आले. "एकदा घिऊन ये पोरीला. माप घेतो. दोन फ्रॉक शिवतो, हात चालतोय अजून माजा." मी म्हटलं, "हो चाचा. आणते."

तुमचा पत्ता अजून तोच आहे, मॅडम, पाकिटावर घालता येईल असा. पण पत्र तिथं गेलं तर चाचांच्या हातात पडेल आणि ते कुणाकडून तरी वाचून घेतील. म्हणून टाकत नाही. फ्रॉकसाठी कापड बघून ठेवतो, म्हणाले होते चाचा.